टाकीतली काकणं

दादासाहेबाची गाडी बंद पडताना मुद्दाम सावली सोडून जागा शोधते, असं रोहिणीचं ठाम मत होतं. त्या दिवशीही गाडीनं तेच केलं. लासुर्णं मागं पडलं, दोन्ही अंगांना नुसता ऊस, मधून डांबरी रस्ता आणि डोक्यावर दिवाळीनंतरचं ऊन. गाडीनं दोन आचके दिले, एकदा खोकली आणि कडेला जाऊन गप्प झाली. काट्याकडं बघावं तर काटा अर्ध्यावर. म्हणजे अर्धी टाकी डिझेल. आणि खरं बघावं तर टाकीच्या बुडाला बोटभर, इंजिनानं ओढावं इतकंसुद्धा नाही!

तो काटा म्हणजे एक नंबरचा लबाड. टाकी काठोकाठ भरा नाहीतर ठणठणाट असू द्या, हा आपला अर्ध्यावर बसलेला. दादासाहेब त्याच्यावर कधी विसंबायचा नाही. निघायच्या आधी टाकीच्या तोंडातून निरगुडीची काठी आत घालायची, किती भिजली ते बघायचं, मगच चावी फिरवायची. त्या सकाळी काठी घालायची राहिली. का, तर रोहिणी. "चला की, चला की, दिवस वर आला," करून तिनं माणसाला नुसतं भंडावून सोडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईला एवढी कसली घाई? तर बाईला सातवा महिना होता आणि तिचं माहेर चाललं होतं. चाललं होतं म्हणजे खरोखर पायांनी चाललं होतं. दुसऱ्या बायकांचं माहेर एका जागी असतं. तिथं दार असतं, दारात तुळस असते, सणाला भाऊ न्यायला येतो. रोहिणीच्या माहेराला पत्ताच नव्हता. बाप म्हस्कू, आई साखरबाई, भाऊ सिद्धू आणि त्याची बायको, दीडशे मेंढरं आणि शेवंती नावाची घोडी. पावसाळाभर इंदापूरच्या माळावर, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं, कालव्याच्या कडेनं नदी गाठायची आणि घाट उतरून कोकणात. मग थेट जेठातच परत. तिच्या सासरचीही एके काळी हीच तऱ्हा. पण काटेवाडीला पाटाचं पाणी आलं, सासऱ्यानं मेंढरं विकून ऊस लावला आणि घर एका जागी बसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. शेजारची रंगूबाई फिदीफिदी हसून विचारायची, "तू कुठं जानार गं बाळंतपनाला? कुठल्या मैलाच्या दगडाला?" रोहिणी वरवर हसायची आणि घरात येऊन रडायची. सासू तर ती नांदायला यायच्या आधीच गेलेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. तीन वर्षं आई दिसली नव्हती. आई आली तर ठीक, नाहीतर कळा यायला लागल्यावर हात कुणाचा धरायचा, या एका विचारानं तिची झोप उडाली होती.

अशात बारामतीच्या बाजारात कासाराकडं काकणं भरायला बसली असताना तोच म्हणाला, "साखरबाईची लेक का तू? अगं, परवा इंदापूरच्या बाजारात तुझ्या आईला काकणं भरली. पुनव झाली की हलनार म्हनत हुती." त्यानं रोहिणीचा हात दाबून दाबून हिरवी काकणं चढवली. हात सुजलेला, काकणं गच्च बसली. कासार हसला, "आता बाळंत होस्तवर काढायची न्हाईत, पोरी. आन् काढू म्हनलीस तरी निघायची न्हाईत."

म्हणून पुनवेच्या आधीच ही स्वारी निघाली होती. आईला गाठायचं आणि बाळंतपणापुरतं घेऊन यायचं. एकदा का ते बिऱ्हाड नदी उतरलं की मग कुणाला विचारणार? तेव्हा काही खिशात फोन नव्हते.

"तुज्या घाईनं हे झालं," दादासाहेब बॉनेटवर हात आपटत म्हणाला.

"माज्या घाईनं? आन् त्यो काटा कुनाच्या घाईनं अर्ध्यावर बसलाय दोन वरसं?"

दादासाहेबाला फळीवरचं पुडकं आठवलं. नवा फ्लोट पंधरा दिवसांपूर्वीच बारामतीहून आणून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलेला होता. फ्लोट म्हणजे टाकीत तरंगणारा बोंडूक. तारेच्या दांडीला लावलेला. डिझेल वर गेलं की तो वर, खाली गेलं की खाली, आणि तो जसा हलेल तसा पुढचा काटा हलतो. जुन्याची दांडी गंजून मधेच अडकली होती. दादासाहेबाला अचानक स्फुरण चढलं. "टाकी मोकळी हाय तवाच ह्ये काम हुतंय. आत्ताच बदलतो. काटा बसवल्याबिगर गाडी हलायची न्हाय!"

ही गाडी मूळची बंद बॉडीचा जुना टेम्पो. दादासाहेबानं तो मोडीतून घेतला आणि आत फळ्या ठोकून अख्खं घर केलं. झोपायला बाक, स्टोव्हला कट्टा, भांड्यांना फळी, खिडकीला पडदा. मागं घोंगड्यांचे गठ्ठे. जत्रा आणि आठवडे बाजार करायचे, घोंगड्या विकायच्या, अंधार पडला की गाडीतच पथारी. काटेवाडीची पोरं तिला 'दादासाहेबाचा बंगला' म्हणायची. झोपायच्या बाकाची फळी उचलली की खाली जमिनीत पत्र्याचं झाकण आणि त्याखाली डिझेलची टाकी. टाकीच्या माथ्यावर वाटीएवढं भोक, त्यावर पाच स्क्रूंनी बसवलेला फ्लोट.

दादासाहेबानं स्क्रू काढले, फ्लोट पिरगाळून वर ओढला आणि दांडी तेवढी हातात आली. बोंडूक तुटून टाकीत. डुबुक!

"झालं!" रोहिणी म्हणाली.

त्यानं हात घातला. राकट हात, अंगठ्याच्या बुडापाशीच अडला. तार वाकडी करून खरवडलं. बोंडूक इकडून तिकडं पळतंय, गावतंय कुठं! ते आत ठेवून नवा बसवावा तर दांडीखाली अडकून पुन्हा काटा ठप्प. शेवटी घाम पुसून दादासाहेबानं कॅन उचलला. "डिझेल घिऊन येतो. येताना एखादा बारका आकडा बी बघतो."

"माजा हात जाईल की. मी काढते."

"गप बस. गरवार बाईनं डिझेलात हात घालायचा व्हय? कशाला बी हात लावायचा न्हाय, सांगून ठिवतो." त्यानं मागचं दार बाहेरून ओढून घेतलं, उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला हात केला आणि गेला.

रोहिणी गप्प बसली. जरा वेळ बसली. खिडकीतून ऊन बाकावर आलं, बाकावरून खाली उतरलं. आता हा माणूस येणार, मग बोंडूक शोधणार, मग नवा बसवणार, मग इंजिनातली हवा काढणार, तोवर दिवस कलणार. आणि तिकडं आई दोन दिवसांत घोडीवर बिऱ्हाड लादणार. निदान बोंडूक तरी काढून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल, असं म्हणून ती पोट सांभाळत खाली बसली, पदर खोचला, उजव्या हाताचा अंगठा तळव्यात मुडपला आणि हात भोकात सारला.

गेला! काकणं एकावर एक खळाखळा वाजत हाताबरोबर आत गेली. कोपरापर्यंत हात आत, बुडाला थंडगार डिझेल, आणि दोन-तीनदा चाचपडल्यावर बोटांना बोंडूक लागलं. तिनं ते मुठीत धरलं आणि एकटीच हसली. "आता म्हना, हात लावू नको!"

मूठ वर आली आणि भोकाला थटली.

मूठ मिटलेली, भोक वाटीएवढं. तिच्या लक्षात आलं. बोंडूक सोडलं, बोटं सरळ केली, अंगठा मुडपला, ओढलं. तरीही थटलं. या वेळी काकणं थटली होती. आत जाताना ती एकामागं एक सरळ गेली होती. आता मनगटावर तिरकी होऊन, एकमेकांत अडकून भोकाच्या काठाला टेकली होती. तिनं हात हलवला, फिरवला, खाली नेऊन परत वर आणला. प्रत्येक वेळी तेच. खण्ण, आणि थांबला. डाव्या हाताची बोटं भोकात घालून काकणं सरळ करावीत तर मनगटाशेजारी करंगळी जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती.

घाबरायचं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेल लावलं की निघेल. गोडेतेलाची बाटली फळीवर होती. तिनं पाय लांब केला, अंगठ्यानं बाटली ओढायला गेली आणि पोह्यांचा डबा खाली आला. सगळीकडं पोहे. बाटली जागच्या जागी. पुन्हा पाय ताणला तर पोटात अशी कळ आली की ती डोळे मिटून बसून राहिली. बाळानं आतून लाथ मारली. "तू बी अडकलायस व्हय रं," ती म्हणाली, आणि एवढं बोलताच तिला रडू आलं.

गाडीचा पत्रा तापला होता. डिझेलच्या वासानं डोकं भणभणत होतं. दार बंद, खिडकी डोक्याच्या वर; तिथून दिसत होतं ते उसाचे शेंडे आणि चिंधीएवढं आभाळ. हात पार बधिर झाला होता. जितकी ओढाओढ करावी तितकं मनगट सुजत होतं. ज्या घरात ती दोन वर्षं स्वयंपाक करत होती, झोपत होती, गाणी म्हणत होती, त्याच घरानं तिला चोरासारखं पकडून ठेवलं होतं. तिला गाडीचा, दादासाहेबाचा आणि त्या मेल्या काट्याचा असा राग आला की तिनं मोकळ्या हातानं पत्र्यावर दाणदाण बुक्क्या मारल्या. रस्त्यावर ऐकायला होतंच कोण!

मग आवाज आला.

आधी तिला वाटलं, कानात वाजतंय. किण, किण, किण. घोडीच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज. त्यामागं कोंबड्यांची खुराड्यातली कुरकुर, ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा खडखडाट. बिऱ्हाड! कुणातरी धनगराचं बिऱ्हाड रस्त्यानं येत होतं. मेंढरं घेऊन बाप्ये शिवारातून मागनं येतात, बाया घोड्यावर बिऱ्हाड घालून पुढं निघतात. रोहिणीनं अख्खं लहानपण असंच चालत काढलं होतं. तिनं श्वास रोखला.

"हां शेवंते, हां! मधी जाऊ नगं, कडंनं चल!"

तो आवाज! पुनवेला अजून दोन दिवस होते, आणि तिची आई वेळेआधीच निघून, तिच्या खिडकीखालून चालली होती.

"आये!" रोहिणी ओरडली. "आये गं! मी हाय, हितं!"

आणि नेमका त्याच घटकेला उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर टेप ठणाणा लावलेला. गाण्यात आणि इंजिनात तिची हाक कुठं विरली कुणास ठाऊक. साखरबाईनं ही गाडी कधी बघितलेलीही नव्हती. रस्त्याच्या कडेला कुणाचातरी टेम्पो बंद पडलाय, एवढंच ती बघणार आणि पुढं जाणार.

ट्रॅक्टर गेला. आता दाराशी काहीतरी खरवडत होतं. नखं. मग कुईकुई. रोहिणीला कळलं, हा खंड्या, माहेरचा कुत्रा. तिच्या लग्नात हातभर पिल्लू होता. तीन वर्षांनीही त्याला वास लागला होता. ती पुन्हा हाका मारायला लागली, पण घसा असा कोरडा पडलेला की आवाज गाडीबाहेरसुद्धा जाईना.

"खंड्या! मुडद्या, लोकाच्या गाडीला काय चाटतुस? चल हिकडं!" आईचा आवाज आता पुढून येत होता. दगड पत्र्यावर खाडकन वाजला. खंड्या केकाटला आणि नखांचा आवाज थांबला.

किण, किण, किण. लांब जायला लागलं.

पुढं हाकेच्या अंतरावर कालव्याचा पूल. पुलावरून बिऱ्हाड वळणार, कालव्याच्या कडेनं झाडीत शिरणार. त्या वाटेला गाडी जात नाही. आज कुठं उतरतील, उद्या कुठं, ते त्यांनाही ठाऊक नसतं. चारा दिसेल तिथं. दादासाहेब यायची वाट बघितली तर आई गेली.

तिनं टाकीकडं बघितलं. उपाय एकच होता आणि तो तिला मघापासून दिसत होता. बघायचा नव्हता, एवढंच.

काकण फुटलं असं बायका बोलत नाहीत, वाढवलं म्हणतात. कुंकवाचा धनी गेला की ते करतात, आणि तेही दुसऱ्या बाया करतात. इथं धनी तिकडं रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीच्या काठावर बसून गेलेला, आणि आपण आपल्या हातानं... सातव्या महिन्यात, आठ दिवसांपूर्वी भरलेली काकणं! आई नको, काही नको, माणूस धड परत येऊ दे, असंही एकदा मनात आलं. आणि मग घाटीचा आवाज आणखी बारीक झाला.

"बिरोबा," ती म्हणाली, "त्यांच्या केसाला धक्का लागू दिऊ नगंस. जे काय करायचं ते माजं कर." आणि डोळे गच्च मिटून तिनं मनगट आतून टाकीच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. छन्न, छन्न करत तुकडे डिझेलात पडले. शेवटचं काकण फुटेना. तिनं दातओठ खाऊन हात असा ओढला की तेही गेलं आणि त्याबरोबर मनगटाची सालटीही.

हात सुटला. डिझेल आणि रक्तानं माखलेला, काळानिळा, पण तिचा.

दाराला तिनं खांदा दिला. दार उघडलं. सातव्या महिन्याची बाई, डावा हात पदराखालून पोटाला लावलेला, उजवा वर करून रस्त्यानं धावतेय. उसाच्या गाडीवाल्यानं बैल थांबवून बघत राहावं असं ते दृश्य! "आये! आये गं!"

पुलाच्या तोंडाशी साखरबाईनं मागं वळून बघितलं. लेक दिसली. आणि लेकीचा वर केलेला हात दिसला. उघडाबोडका, रक्तानं लाल, एक काकण नाही.

साखरबाईनं घोडीचा दोर सोडला आणि भर रस्त्यात फतकल मारली. "आरं माज्या देवा! पोरीचं कपाळ फुटलं गं! पोटुशी माजी लेक, आन् जावाय गेला गं बया!" तिनं छाती बडवायला सुरुवात केली. सिद्धूच्या बायकोनं ते बघून तिच्यापेक्षा वरचा सूर लावला. खंड्या रडायला लागला. रोहिणी जवळ पोचली तर तिला धाप लागलेली, बोलता येईना. ती नुसती मान हलवतेय आणि आईला वाटतंय, दुःखानं वाचा बसली.

एवढ्यात मागून सायकलची घंटी. दादासाहेब. कुणाचीतरी सायकल मागून आणलेली, मागं डिझेलचा कॅन बांधलेला. सासू रस्त्यात बसून रडतेय, हे बघून तो बिचारा टुणकन उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोन गेलं, मामी?"

साखरबाईनं वर बघितलं. तिचा हात छातीवरच राहिला. "तुमीच की!"

"मी? मी डिझेल आनाया गेल्तो!"

मग जे हसणं सुटलं! सिद्धूची बायको तर पुलाच्या कठड्याला धरून हसत होती. फक्त साखरबाई हसली नाही. ती उठली, जावयाच्या तोंडावरून दोनदा हात फिरवला, आणि मग लेकीला पोटाशी धरून जे रडली ते मघापेक्षा खरं होतं.

जखम धुतली, हळद भरली. साखरबाईनं आपल्या वाळलेल्या हातातलं एक काकण सहज काढलं आणि लेकीला चढवायला गेली. ते बोटांच्या पेरांपलीकडं सरकेना. "मोकळ्या हातानं नवऱ्यापुढं उभी ऱ्हाऊ नगं," ती म्हणाली, कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा धागा काढला, मनगटाला गुंडाळला आणि गाठ मारली.

मग रोहिणीनं मागायचं ते मागितलं. "आये, माज्यासंगं चल. बाळंत हुईस्तवर."

साखरबाई घोडीचा दोर चाळवायला लागली. "बाये, म्या जन्मात छपराखाली निजले न्हाय. माजा जीव गुदमरतुय. भिंतीत ऱ्हायाचं म्हंजी..."

"छप्पर कुठंय, मामी?" दादासाहेब म्हणाला. "गाडी हाय. हिला चाकं हायती. अंगनात उभी करतो, तुमी हिच्यातच ऱ्हावा."

म्हातारीनं गाडीला एक फेरी घातली. घोडीचे खूर बघावेत तसं तिनं चारी चाकांना हात लावून बघितलं, एकाला लाथही मारली. "बरं," ती म्हणाली. "चालती म्हनावं लागंल." मग सुनेकडं वळली, "तुज्या मामंजींना सांग, म्हातारी लेकीकडं ऱ्हायली. शेवंतीच्या पाठीला चिंध्या नीट घाल. आन् खंड्याला दगड मारू नगं. म्या मारला आज, चुकलं."

दादासाहेबानं नवा फ्लोट बसवला, डिझेल ओतलं, हवा काढली. बोंडूक तारेच्या आकड्यानं निघालं, काचा काही निघाल्या नाहीत. चावी फिरवली आणि काटा तळापासून उठून हळूच वर सरकला. दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. पुलापाशी गाडी वळवताना खड्डा आला आणि टाकीत खळखळ वाजलं. "घोडीच्या गळ्यात घाटी, तशी हिच्या पोटात काकनं," साखरबाई म्हणाली. पुढं दादासाहेबाला सवयच लागली. डिझेल उतरलं की काचा मोठ्यानं वाजायच्या, टाकी भरली की गप्प. तो म्हणायचा, काटा पुन्हा लबाडी करंल, पर काच खोटं बोलायची न्हाय.

काटेवाडीच्या अंगणात गाडी उभी राहिली. साखरबाई दार सताड उघडं टाकून गाडीत झोपायची, दिवसा लेकीच्या पाठीला तेल लावायची, रंगूबाईशी भांडायची. सगळं कसं बेस होतं. फक्त तांबडं फुटायच्या सुमारास रोहिणीला घरात झोपल्या जागी ऐकू यायचं, टाकीतली काकणं वाजताहेत. गाडी तर उभी. मग एक दिवस तिनं दारातून बघितलं. आई गाडीत येरझाऱ्या घालत होती. चार पावलं जायचं, वळायचं, चार पावलं यायचं. आयुष्यभर ज्या वेळी बिऱ्हाड लादून पाय वाटेला लागायचे, त्या वेळी तिचे पाय झोपू देत नव्हते. वळली की गाडी हिंदकळायची, आणि खळ्ळ.

कोंडल्यावर कसं वाटतं, हे रोहिणीला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तिला आई हवी होती. ती परत आत आली आणि कानावर गोधडी ओढून घेतली. रोज ओढत राहिली.

मुलगी झाली. कळा येताना रोहिणीनं आईचा हात इतका आवळला की म्हातारीच्या हातातलं काकण तडकलं. "वाढलं तर वाढू दे," साखरबाई म्हणाली, "तुजा बाप काय इतक्यात मरत न्हाय."

सव्वा महिना झाला त्या दिवशी, तांबडं फुटताना, काकणं वाजली. रोहिणीनं गोधडी बाजूला केली आणि नवऱ्याला हलवलं. "अवं, उठा. टाकी फुल करून आना."

"कशाला?"

"कोकनात जायचंय. तळाची वाट आई दावंल. पोरीला आजा दावायचाय." आणि मग तिनं खरं ते सांगितलं. "आईला सोडून यायचंय."

टाकी काठोकाठ भरली, काटा वर जाऊन टेकला. साखरबाई नातीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. गाडी निघाली, बारामती मागं पडली. रस्ता खड्ड्यांचा, पण टाकीत काही वाजत नव्हतं. म्हातारी समोर बघत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की रोहिणीला बघवेना.

"घाट उतराया किती दिस लागत्यात ह्या गाडीला?" साखरबाईनं विचारलं.

"दिस कुठलं, मामी!" दादासाहेब ऐटीत म्हणाला. "दिवस मावळायच्या आत तळावर सोडतो तुमाला."

साखरबाईनं झोपलेल्या नातीचं टोपरं सारखं केलं, मग मागं हात करून रोहिणीचं मनगट चाचपलं. लोकरीचा धागा अजून तिथंच होता. तो तिनं धरून ठेवला.

"मंग जरा सावकाश हाका," ती म्हणाली.